कुलपातली अक्षरं

आमचे मालक वाचत नसत, बघत. चांगला शिकलेला माणूस, सकाळी टेबलावर तीन-तीन पेपर पसरायचा, पण बातमी काय आली म्हणून विचारलं तर सांगता यायचं नाही. "हा मथळा बघा ताई, काना किती आखूड ओढलाय. गळा आवळलाय मेल्यांनी अक्षराचा," असं म्हणून ते पेपर उलटा धरायचे. उलटा धरला की शब्द मध्ये कडमडत नाहीत, नुसता आकार दिसतो, असं त्यांचं म्हणणं. समोर गिऱ्हाईक आजीच्या वर्षश्राद्धाचा मजकूर देऊन बसलेलं असायचं आणि मालक तो कागद उलटा धरून मान डोलवायचे. गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं. मी कीबोर्डकडे बघायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. श्रीरामपूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं डीटीपीचं दुकान होतं आणि मी तिथे ऑपरेटर होते. साखर कारखान्याचे अहवाल, पतसंस्थांच्या पावत्या, चर्चच्या कार्यक्रमांची पत्रकं, लग्नपत्रिका, असला सगळा माल. मध्यंतरी नगरला कुणीतरी त्यांचा सत्कार केला म्हणे. 'अक्षरांचे उपासक' अशी पदवी दिली, शाल दिली. मला निमंत्रण होतं. मी गेले नाही. डोंबलाचे उपासक!

पण खोटं कशाला बोलू, अक्षर देखणं होतं. त्यांच्या वडलांचा खिळ्यांचा छापखाना होता, शिशाच्या अक्षरांचा. तो बंद पडला तेव्हा भंगारवाला येण्याआधी मालकांनी त्यातल्या एकेका अक्षराचा ठसा कागदावर घेतला आणि मग कित्येक वर्षं बसून ते सगळे आकार कॉम्प्युटरात उतरवले. त्यातून त्यांचा स्वतःचा फॉन्ट तयार झाला. भरदार, जरा बुटकं, पायावर घट्ट उभं राहणारं अक्षर. 'ळ' तर असा की बघत राहावं. मीही बघत राहिलेय, नाही कशाला म्हणू.

पुढच्याच वर्षी ते अक्षर तिसगावच्या लग्नपत्रिकांवर दिसायला लागलं. मग शेवगावला, मग राहुरीला. आमच्या धंद्यात फॉन्ट फ्लॉपीवर घालून या दुकानातून त्या दुकानात जायचेच. शेजारणीकडून विरजण आणावं तसं. त्याला कुणी चोरी म्हणत नसे. आमच्याकडची नोकरी सोडून गेलेल्या एका ऑपरेटरने जाताना नेला आणि तिसगावच्या पत्रिकावाल्याला दिला, एवढीच गोष्ट. पण मालकांनी अन्नपाणी सोडलं. त्यातच त्यांच्या सख्ख्या भाच्याची लग्नपत्रिका आली, ती नेमकी त्या चोरलेल्या अक्षरात. मालकांनी लाल पेन काढलं, पत्रिकेवर आडवं लिहिलं, 'ही अक्षरं माझी आहेत', आणि पत्रिका पोस्टाने बहिणीला परत पाठवून दिली. लग्नाला गेले नाहीत. बहिणीने पुढे राखी पाठवणं बंद केलं. त्याचं त्यांना काही वाटलं असेल तर ते दिसलं नाही.

"अक्षर म्हणजे लेक हो ताई," ते म्हणायचे. "लेक द्यायची तर घराणं बघून द्यावी. रस्त्यावरच्या कुणालाही देतात का?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी हसले होते. घराणं बघणाऱ्यांचं मला काही नवीन नव्हतं. आमचं घराणं काय ते गावात बघूनच आमची वस्ती कुठे असावी हे ठरलं होतं. माझ्या आज्याने छप्पन साली धम्म घेतला तो त्याच घराण्यातून उठण्यासाठी. पण मालक हे आमच्याबद्दल बोलत नव्हते, फॉन्टबद्दल बोलत होते, असं मी स्वतःला सांगितलं.

चोरी झाल्यावर त्यांनी एक तोड काढली. दर महिना-दोन महिन्यांनी एखाद्या सकाळी ते फॉन्टातच, कुठल्या बटणाला कुठलं अक्षर उमटायचं, त्या जागा बदलायचे. काल जिथे 'क' होता तिथे आज 'भ', 'भ'च्या जागी आणखी काहीतरी. आम्ही ऑपरेटरांनी बटणांवरच्या चिकटपट्ट्या काढायच्या, नव्या लावायच्या आणि आठवडाभर बोटांना शिव्या घालत टाइप करायचं. चोराला फॉन्ट मिळाला तरी तो गोंधळून जाईल, हा त्यांचा हिशेब.

मी एकदा म्हटलं, "मालक, चोराचं काय बिघडलं यात? त्याच्याकडे त्याची जुनी मांडणी आहे, तो रोज नवीन पत्रिका टाइप करतो, छापतो, मोकळा होतो. आपल्याच जुन्या फायली उघडल्या की भलतं दिसतं." आणि तसंच व्हायचं. कारखान्याचा गेल्या वर्षीचा अहवाल उघडला की अध्यक्षांच्या नावाच्या जागी 'धटूख लेभणे' असलं काहीतरी यायचं आणि सगळं परत टाइप करावं लागायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मालकांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं." मग ऑपरेटरांच्या कॉम्प्युटरांतली फ्लॉपी घालायची सगळी यंत्रं काढून त्यांनी कपाटात ठेवली. किल्ली जानव्याला.

मग आलं इंटरनेट. दुकानात एकाच कॉम्प्युटरला फोनची तार जोडली होती, तो मालकांचा, आणि तो उघडायचा परवलीचा शब्द त्यांनाच माहीत. मालकांना वाटलं, आपली अक्षरं आता जगभर दिसतील. वेबसाइट काढली. नगर जिल्ह्यातलं लिखाण जगापुढे आणायचं, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे अक्षरांना घालायला मजकूर हवा होता. कुणीतरी उसाच्या खोडव्यावर लिहून दिलं, कुणी शेंगोळ्यांची कृती दिली, एका निवृत्त गुरुजींनी प्रवासवर्णन दिलं. मालक म्हणाले, "ताई, तुमच्याकडे काही असेल तर आणा. मजकूर काहीही चालेल."

मी अण्णांची गाणी आणली.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं गाव तिसगावच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. अण्णा तरुणपणापासून जलशात गायचे. जयंतीला त्यांच्याशिवाय गावोगावी पान हलायचं नाही. गाणी स्वतःची रचायचे, विहिरीची, शाळेची, उसाच्या तोडीवर गेलेल्या बायांची. सगळी तोंडपाठ. छापून आणावीत म्हणून एकदा नगरला कुणा जाणकाराकडे घेऊन गेले, तर त्याने 'भाषा शुद्ध करून आणा' म्हणून वाटेला लावलं. मग परत कधी कुणाकडे गेले नाहीत. आणि आता घशात गाठ झाली होती. उपचाराला माझ्याकडे श्रीरामपूरला येऊन राहिले होते. डॉक्टर म्हणाले होते की आवाज जाईल, पुढचं बघू.

वेबसाइट म्हणजे काय ते मी त्यांना समजावलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी कुनालाबी दिसंल? इचारावं लागनार न्हाई कुनाला?"

"नाही अण्णा. ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे त्याने उघडायचं नि वाचायचं."

"मंग टाक," ते म्हणाले. "माझ्या बापानं शाळंच्या भितीभाईर बसून अक्षर उचललं. आत कुनी घेतलं न्हाई. आता दार उघडंच हाय म्हन्तीस, तर टाक बाई."

दुपारी दुकानात काम कमी असायचं. अण्णा स्टुलावर बसून दबक्या आवाजात एकेक ओळ सांगायचे, मी टाइप करायची. मालकांनी कधी हरकत घेतली नाही, हे सांगायला पाहिजे. चहा मागवायचे, अण्णांना "दमा जरा" म्हणायचे, आणि मागे उभे राहून पडद्याकडे बघायचे. एकदा म्हणाले, "शाहीर, तुमच्या गाण्यांत 'ळ' फार छान येतो."

अण्णा हसले. "व्हय का? आमाला वाटलं मानूस येतो."

मालक हसले नाहीत. त्यांचं लक्ष 'ळ'कडे होतं.

गाणी वेबसाइटवर चढली. दुकानातल्या पडद्यावर काय सुंदर दिसली! पहिलंच गाणं, 'घे गं पाटी हाती, लेकी, घे गं पाटी हाती'. अण्णा पडद्याला हात लावून बघत होते. माझा मोठा भाऊ, दादा, मस्कतला इलेक्ट्रिशियन होता. त्याच्या कंपनीच्या ऑफिसात इंटरनेट होतं. त्याला फोनवर पत्ता दिला आणि शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, समोरच्या एसटीडी बूथवर त्याच्या फोनची वाट बघत आम्ही बापलेक बसलो.

दादा म्हणाला, "अगं, हे काय पाठवलंयस? इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, कंस, टिंबं. कुणीतरी शिव्या दिल्यासारखं दिसतंय."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फॉन्ट आमच्या कॉम्प्युटरात होता म्हणून आम्हाला मराठी दिसत होतं. ज्याच्याकडे फॉन्ट नाही त्याला नुसता कचरा दिसणार. त्या वेळी मराठी वेबसाइटी सगळ्याच अशा होत्या, पण बाकीचे लोक वर इंग्रजीत एक ओळ टाकायचे की आधी आमचा फॉन्ट इथून उतरवून घ्या, मग वाचा. फुकट द्यायचे. मी मालकांना म्हटलं, आपणही ती ओळ टाकू.

"भले! म्हणजे चोराला घरात बोलावून तिजोरीची किल्ली द्यायची?"

"मग लोकांनी वाचायचं कसं?"

"ज्याला वाचायचंय त्याने इथे यावं. ओळख पटवावी. मी फ्लॉपीवर देईन. वाचून झालं की फ्लॉपी परत आणून द्यायची."

"मालक, मस्कतहून?"

"खरी ओढ असेल तर येतो माणूस."

थट्टा करत असतील असं मला वाटलं. छे! दुसऱ्या दिवशी वेबसाइटच्या पहिल्याच पानावर ही सगळी सूचना चढली, वाचकांनी समक्ष यावे, ओळख आणावी, फ्लॉपी परत करावी. आणि चढली ती त्यांच्याच अक्षरात. म्हणजे ज्याच्यासाठी सूचना, त्याला ती सूचनाही दिसायची नाही. मी कपाळाला हात लावला. मालक पडद्यापुढे मान तिरकी करून 'समक्ष'मधला 'क्ष' बघत होते.

मग मी म्हटलं, पानांची चित्रं करून टाकू, चित्राला फॉन्ट लागत नाही. तर म्हणे, चित्रावरून अक्षरं गिरवून घेतील लोक. चोरून न्यावा तर फ्लॉपीची यंत्रं कपाटात. तिसगावच्या चोराकडचा मागून दादाला पाठवावा तर त्याची मांडणी जुनी, आमच्या पानांशी जुळायची नाही. दुसऱ्या कुणाच्या वेबसाइटवर टाकावीत तर श्रीरामपुरात दुसरी वेबसाइट होती कुणाकडे? शेवटी मी गाणी कागदावर छापून दादाला पोस्टाने पाठवायचं म्हटलं, तर अण्णाच नको म्हणाले. "आपल्याच पोराला कागूद धाडायचा, त्यात काय? त्येला तर मी तोंडानं बी सांगितलं आस्तं. त्यानं तिथनं, न इचारता, उघडून वाचलं पायजे. येकदा ऐकू दे मला."

त्यांना एवढंच हवं होतं. समुद्रापलीकडून आपलं गाणं कुणीतरी वाचतंय, ते एकदा फोनवर ऐकायचं. आवाज रोज थोडा थोडा जात होता. मी तडफडत होते. आणि एका सकाळी अण्णा मला न सांगता दुकानात आले आणि मालकांच्या टेबलापुढे उभे राहिले. बोलणं घोगरं, निम्मं हवेतच.

"मालक, माझ्या पोराला तेवढी तुमची अक्षरं द्या. घरानं बगून देता म्हन्त्यात, तर बगा. मी समूर उभा हाय."

मालक लाल झाले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आपल्या कॉम्प्युटरवर बसले आणि दादाला फॉन्ट ईमेलने पाठवला. त्या लाईनीवर तो जायला दुपार झाली. तोपर्यंत अण्णा उभेच होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मला मालकांच्या पाया पडावंसं वाटलं. कपाळ माझं, पडलेही.

शुक्रवार आला. एसटीडी बूथवर अण्णा धुवट सदरा-टोपी घालून बसले होते. घंटी वाजली तशी त्यांनी रिसीव्हर घेतला आणि मी त्यांच्या कानाला कान लावला.

"अण्णा, दिसतंय! मराठी दिसतंय!" दादा ओरडत होता. "काय सुंदर अक्षर आहे हो!"

अण्णांचे ओठ हलायला लागले. 'घे गं पाटी' त्यांनी आतल्या आत सुरू केलं होतं, दादा म्हणेल त्याच्याबरोबर म्हणायला.

"वाचतो हं. 'झो... ठं मारी... ढाबी...' थांबा. 'झो ठं मारी ढाबी, तोपी...' अण्णा, हे काय आहे? अक्षरं मराठीच आहेत, पण शब्द... खालच्या ओळीतही तसंच आहे. 'फळू णेग...'"

मला क्षणात कळलं. रस्त्यापलीकडे दुकान दिसत होतं. फॉन्ट गावाबाहेर गेला म्हणून मालकांनी जागा बदलल्या होत्या. आम्हाला चिकटपट्ट्या द्यायच्या अजून राहिल्या होत्या, पण वेबसाइटवरची सगळी पानं मात्र त्यांनी स्वतः बसून, एकेक अक्षर बदलून, नव्या मांडणीत चढवली होती. दादाकडे पाठवलेल्या फॉन्टात आता त्यांचा काही अर्थ लागत नव्हता.

दादा तिकडे धडपडत होता, एक ओळ सोडून दुसरी वाचत होता, त्याचा आवाज रडवेला झाला होता. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सगळा जोर लावून रिसीव्हरमध्ये म्हणाले, "लई झ्याक वाचलंस, बाळा."

आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी रस्ता ओलांडून दुकानात गेले. काय काय बोलले ते आठवत नाही, पण शेजारचा सायकलवाला बघायला आला होता एवढं आठवतं. "उभं केलंत तुम्ही त्यांना! दुपारपर्यंत उभं केलंत! काय बघितलंत मग घराणं?" मालकांनी मला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "तुमच्या भावाला अक्षर दिसलं ना? काय म्हणाले?"

"सुंदर आहे म्हणाला," मी म्हणाले. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

"मग झालं तर," मालक म्हणाले, आणि खरोखर खूश झाले.

त्याच दिवशी मी नोकरी सोडली. मला त्यांचा राग आला होता, आजही आहे, आणि तो कमी करायची मला काही गरज वाटत नाही. लोक सांगतात, एकटा माणूस होता, कलेचं वेड होतं, समजून घ्यावं. वेड होतं ना, मग ते स्वतःपुरतं ठेवायचं. माझ्या बापाने आयुष्यात दोनदा अक्षरासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहून मागितलं. एकदा त्याला भाषा शुद्ध करून आणायला सांगितलं, आणि दुसऱ्यांदा दार उघडून, तो आत पाय टाकतोय तोवर कुलूप बदललं. समजून कुणी कुणाला घ्यायचं?

अण्णांचा आवाज त्याच महिन्यात गेला. उन्हाळ्याच्या तोंडाशी अण्णाही गेले. गावी नेलं. जलदान विधीच्या पत्रिका छापायला चुलतभाऊ तिसगावला गेला आणि संध्याकाळी गठ्ठा घेऊन आला. मी वरची पत्रिका उचलली आणि डोळ्यांजवळ नेली. भरदार, जरा बुटकं, पायावर घट्ट उभं अक्षर. मालकांचंच. पत्रिकावाल्या चोराने अण्णांना जयंतीत गाताना ऐकलेलं होतं. त्याने आपणहून, पैसे न लावता, अण्णांच्या नावाखाली एक ओळ टाकली होती, 'घे गं पाटी हाती, लेकी, घे गं पाटी हाती'. वस्तीवरच्या बाया, पोरं, ज्याला त्याला ती वाचता येत होती. कुणी ओळख मागितली नाही. मी तिथेच मोठ्याने रडले.

चुलतभावाने रीत म्हणून श्रीरामपूरच्या दुकानाच्या पत्त्यावरही एक पत्रिका टाकली. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. विधी झाला, माणसं पांगली, आणि चार-आठ दिवसांनी पोस्टमन एक पाकीट देऊन गेला. आत आमचीच पत्रिका होती. अण्णांच्या नावावरून, गाण्याच्या ओळीवरून, आडवं, लाल पेनाने लिहिलं होतं, 'ही अक्षरं माझी आहेत'.

मी ती घेऊन ओट्यावर बसले. मग मालक धरायचे तशी उलटी धरून बघितली. अक्षर सुंदर दिसत होतं. कोण मेलंय ते कळत नव्हतं.